मानेचे सांधे हलतात कसे आणि जागेवर राहतात कशामुळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक, पहिल्या वर्षाला शरीररचना शिकणारी फिजिओथेरपीची मुलं. दुसरे, एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन ‘मणका सरकलाय म्हणतात, म्हणजे नक्की काय झालंय?’ असं विचारणारे पेशंट. दोघांना वेगवेगळी उत्तरं द्यावीत असं मला वाटत नाही, म्हणून सगळं एकत्रच लिहिलंय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मान दुखणं आणि मान अस्थिर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखणाऱ्या बहुतेक माना पक्क्या असतात, आणि खरोखर अस्थिर झालेली मान कधी कधी फारशी दुखतही नाही.

मानेत मणके किती आणि सांधे कुठे कुठे?

मणके ७. जिराफाच्या मानेतही ७च असतात, फक्त एकेक वीतभराहून लांब. डॉक्टर त्यांना वरून खाली सी१ ते सी७ म्हणतात. सी१ला अ‍ॅटलस आणि सी२ला अ‍ॅक्सिस अशी स्वतंत्र नावं आहेत, कारण ते बाकीच्यांसारखे दिसतही नाहीत आणि वागतही नाहीत.

कवटी आणि अ‍ॅटलसमध्ये डावी-उजवी अशी एक जोडी. अ‍ॅटलस आणि अ‍ॅक्सिसमध्ये दोन बाजूंचे दोन आणि मधोमध एक, असे तीन. त्याखाली प्रत्येक दोन मणक्यांत पुढे एक चकती आणि मागे फॅसेट सांध्यांची जोडी. पहिली चकती सी२ आणि सी३च्या मध्ये लागते. त्याच्या वर चकती नाहीच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून ‘सी१-सी२ची गादी झिजली’ असं कुणी सांगितलं तर शांतपणे रिपोर्ट परत वाचायला सांगा.

विद्यार्थ्यांसाठी एक भर: मणके ७ असले तरी मानेतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या ८ असतात. सी१ची नस सी१च्या वरून निघते आणि आठवी सी७च्या खालून. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.

‘हो’ म्हणताना आणि ‘नाही’ म्हणताना वेगवेगळे सांधे हलतात, हे खरं का?

बऱ्यापैकी खरं. कवटीच्या तळाशी दोन गोलसर उंचवटे असतात आणि अ‍ॅटलसच्या वरच्या बाजूला त्यांना बसायला दोन खोलगट जागा. खाच खोल असल्यामुळे डोकं तिथे गोल फिरू शकत नाही, पण पुढे-मागे डुलू शकतं. एकूण १५ ते २५ अंशांची ही हालचाल. हनुवटी हलकेच खाली आणून होकार देता तो इथे.

नकार एक मजला खाली. अ‍ॅटलस आणि अ‍ॅक्सिसमध्ये एका बाजूला साधारण ४० अंश मान वळते. संपूर्ण मान एका बाजूला ८०-९० अंश वळते असं धरलं, तर त्यातली जवळजवळ निम्मी वळण या एकाच ठिकाणी आहे. उरलेली निम्मी खालच्या पाच-सहा सांध्यांनी वाटून घेतलेली.

राहता राहिली आपली ‘बरं बरं, बघू’ म्हणताना दोन्ही बाजूंना डुलणारी मान. ती मुख्यतः खालच्या मणक्यांची. तिथे मान नुसती कलत नाही, कलता कलता त्याच बाजूला थोडी वळतेही. वरचे सांधे त्याच वेळी थोडं उलटं वळून चेहरा समोर ठेवतात. म्हणून तुमचं बघणं समोरच्या माणसावरून ढळत नाही.

अ‍ॅटलस आणि अ‍ॅक्सिस एवढे वेगळे का?

शरीररचनेच्या वर्गात मी मुलांच्या हातात खरी हाडं देते, कारण चित्रात हे कळत नाही. अ‍ॅटलस हातात घेतला की पहिलं आश्चर्य म्हणजे तो नुसतं कडं आहे. इतर मणक्यांना पुढे भरीव गोल शरीर असतं, याला ते नाही. मागे बोटाला लागणारा काटाही नाही, तिथे फक्त एक छोटा उंचवटा. आता अ‍ॅक्सिस घ्या. त्याच्या माथ्यावर करंगळीच्या पेरासारखा एक सुळका उभा असतो. याला डेन्स म्हणतात. गर्भात अ‍ॅटलसचं शरीर म्हणून जे घडायला लागतं, तेच पुढे अ‍ॅक्सिसला चिकटून हा सुळका होतं. म्हणजे वरच्याने आपलं शरीर खालच्याला देऊन टाकलेलं असतं.

कडं सुळक्यावर चढवा आणि फिरवा. जात्याच्या खालच्या तळीतल्या खिळ्याभोवती वरची तळी फिरावी तसं ते फिरतं. पण हाडं हातात असताना आणखी एक गोष्ट जाणवते, आणि ती महत्त्वाची. बाजूचे दोन सांधे एकमेकांत अडकत नाहीत. जिवंत सांध्यावर कुर्चेचं (हाडाहून मऊ, गुळगुळीत थराचं) आवरण असतं आणि तिथे दोन्ही पृष्ठभाग मधे फुगीर असतात, म्हणजे फुगीरावर फुगीर. फिरायला झकास, पण टिकायला काहीच आधार नाही. हात सैल सोडला की टेबलावरचा अ‍ॅटलस घसरून खाली पडतो. माणसात तो का पडत नाही, हाच पुढचा प्रश्न.

मग तो सुळका मागे मज्जारज्जूत का घुसत नाही?

एका पट्ट्यामुळे. अ‍ॅटलसच्या कड्यात आतून, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ट्रान्सव्हर्स लिगामेंट नावाचा जाड अस्थिबंध ताणून बसवलेला असतो. तो सुळक्याला मागून दाबून धरतो. सुळका पुढे हाडाच्या कमानीला आणि मागे या पट्ट्याला टेकलेला, आणि पट्ट्याच्या लगेच मागे मज्जारज्जू. मान पुढे वाकवली की डोक्याचं वजन अ‍ॅटलसला पुढे ओढतं. त्या वेळी त्याला रोखणारी मुख्य गोष्ट हीच.

हा पट्टा रबरासारखा नाही. त्यात लवचिक तंतू फार थोडे, जवळजवळ सगळं कोलॅजन, म्हणजे फारसे न ताणणारे चिवट तंतू. त्यामुळे मोठा झटका बसला तर तो थोडा लांबून सांभाळून घेत नाही, तुटतो. आणि मधोमध तुटला तर आपोआप जुळत नाही. हाड मोडलेलं परवडतं असं ऑर्थोपेडिक सर्जन म्हणतात, ते अशा ठिकाणी.

एक्स-रेवर हे कसं बघतात? मान पुढे वाकवलेल्या स्थितीत अ‍ॅटलसची पुढची कमान आणि सुळका यांतलं अंतर मोजतात. मोठ्या माणसात ते ३ मिलिमीटरच्या आत हवं. लहान मुलांत ५ मिलिमीटरपर्यंत चालतं, कारण त्यांचे अस्थिबंध सैल असतात आणि हाडाचा काही भाग अजून कुर्चेचाच असतो.

इथे शरीराने एक सवलत ठेवली आहे. अ‍ॅटलसच्या कड्यातल्या जागेचे ढोबळमानाने तीन भाग पडतात: एक सुळक्याचा, एक मज्जारज्जूचा, एक मोकळा. स्टील या सर्जनने १९६८ साली हा हिशेब मांडला. कडं आतून साधारण ३ सेंटिमीटर, म्हणजे मोकळी जागा सेंटिमीटरभर. म्हणून काही पेशंटमध्ये सांधा ठळकपणे सरकलेला असूनही हातपाय व्यवस्थित चालतात. ते बघून नातेवाइकांना वाटतं डॉक्टर उगाच घाबरवतायत. पण मोकळी जागा संपत आली की मग एखादी साधी ठेचही पुरते.

अ‍ॅलर लिगामेंट कशासाठी?

फिरण्याला लगाम म्हणून. सुळक्याच्या टोकाजवळून दोन छोटे, मजबूत पट्टे वर कवटीकडे जातात. मान उजवीकडे वळली की डावीकडचा पट्टा मुख्यत्वे ताणला जातो, आणि डावीकडे वळली की उजवीकडचा. याशिवाय आणखी दोन-तीन पडदे आणि पट्टे आहेत, पण विद्यार्थी नसाल तर त्यांची नावं पाठ करण्याची गरज नाही.

खालच्या मानेत पक्केपणा कुठून येतो?

तिथे कामाची वाटणी वेगळी आहे. पुढे चकती वजन घेते. मागचे फॅसेट सांधे साधारण ४५ अंशांत तिरके, कौलांसारखे एकावर एक. या तिरकेपणामुळे वरचा मणका पुढे घसरू पाहतो तेव्हा खालच्याच्या सांध्यावर अडतो. आणि याच तिरकेपणामुळे मान कलताना वळते, ते वर आलंच.

तिसरी गोष्ट फक्त मानेतच सापडते. सी३ ते सी७च्या मणक्यांच्या वरच्या पृष्ठभागाला दोन्ही बाजूंनी कडा उचललेल्या असतात, वरचा मणका त्यांत अलगद बसतो. लुश्का या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून ‘लुश्काचे सांधे’. जन्मतः ते नसतात, वाढत्या वयात तयार होतात. बाजूला घसरणं ते रोखतात. पुढे वय वाढलं की त्यांच्यावरच हाडाची वाढ होते आणि शेजारून निघणारी नस चेपते. रिपोर्टमध्ये ‘अनकोव्हर्टिब्रल’ असा शब्द दिसला तर तो हाच मामला.

मानेची चकती कमरेच्या चकतीची छोटी आवृत्ती आहे असं समजू नका. तिचं बाहेरचं कडं पुढे जाड आणि मागे अगदी पातळ असतं, आणि आतला गर मोठ्या वयात जेलीसारखा राहत नाही, तंतुमय होतो.

एवढी हाडं आणि पट्टे आहेत, मग स्नायूंची गरज काय?

येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा छडा लावला. मृतदेहाच्या मानेचे सगळे स्नायू काढले, हाडं आणि अस्थिबंध शाबूत ठेवले आणि वरून वजन देत गेले. सुमारे १० न्यूटनला, म्हणजे जेमतेम १ किलो वजनाला, मान दुमडली. १९९८ साली हे निकाल प्रसिद्ध झाले. आपलं डोकं असतं साडेचार ते पाच किलोचं. म्हणजे नुसत्या सांगाड्याला आपलं डोकंही पेलवत नाही. बाकीचं सगळं स्नायूंच्या भरवशावर.

त्यातही वरवरचे जाडजूड स्नायू डोकं ओढायला आणि वळवायला. मणके एकमेकांवर नीट ठेवण्याचं काम खोलवरचे स्नायू करतात, घशाच्या मागे मणक्यांना चिकटून असलेले लांबट स्नायू आणि कवटीखालचे बोटभर लांबीचे छोटे स्नायू. या छोट्या स्नायूंत ताण ओळखणारे संवेदक खच्चून भरलेले असतात. डोकं कुठे आहे हे मेंदूला डोळे आणि कानाइतकंच तेही कळवतात. मानेच्या दुखण्याबरोबर काही जणांना गरगरल्यासारखं होतं, त्याचं एक कारण इथे असू शकतं. चक्कर आली की ती मानेचीच असं मात्र धरून चालू नका, कान आणि रक्तदाब आधी तपासा.

‘अस्थिर’ कधी म्हणायचं?

रोजच्या वजनाखाली आणि रोजच्या हालचालीत मणके आपली मर्यादा सोडतात, मज्जारज्जू किंवा नस दुखावते किंवा दुखावायची शक्यता असते, तेव्हा. व्हाइट आणि पंजाबी यांनी खालच्या मानेसाठी आकडेही दिले. एक मणका दुसऱ्यावर ३.५ मिलिमीटरहून जास्त सरकला, किंवा शेजारच्यांच्या तुलनेत ११ अंशांहून जास्त कलला, तर सावध व्हा. हे आकडे एकटे निकाल देत नाहीत, ते तपासणीबरोबर वाचायचे असतात.

१९९२ साली पंजाबींनी आणखी एक कल्पना मांडली, आणि मला ती फार उपयोगी वाटते. प्रत्येक सांध्याच्या हालचालीत मधे एक सैल पट्टा असतो, जिथे जवळजवळ काहीच अडवत नाही. त्याला त्यांनी ‘न्यूट्रल झोन’ म्हटलं. दुखापत किंवा झीज झाली की एकूण हालचाल फारशी वाढलेली नसतानाही हा सैल भाग वाढतो. स्नायू तो आवरून धरू शकतात. म्हणून व्यायामाने फरक पडतो, एक्स-रे आहे तसाच असूनही.

माझ्या रिपोर्टमध्ये सी५-सी६ची झीज आहे. मणके सैल झालेत का?

बहुधा उलट. मोठ्या माणसात मान पुढे-मागे वाकताना सर्वांत जास्त काम सी५-सी६च्या आसपास होतं, म्हणून झीजही तिथेच आधी दिसते. सुरुवातीला थोडा सैलपणा येऊ शकतो, पण पुढे हाडाची कड वाढते, सांधा ताठरतो. पन्नाशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयवरही ही झीज सर्रास दिसते. आपल्याकडे हिला सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतात आणि माणूस कायमचा रोगी असल्यासारखा वागायला लागतो. काळजी मज्जारज्जूची जागा अरुंद झाली असेल तर करायची.

खरी अस्थिरता कोणाला होऊ शकते?

जुना संधिवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असलेले लोक. यात सुळक्याभोवतीचं सुजलेलं आवरण ट्रान्सव्हर्स लिगामेंट पोखरतं. बोटं वाकडी झालेल्या आजींना कुठल्याही ऑपरेशनसाठी भूल द्यायच्या आधी मानेचा एक्स-रे मागतात, तो म्हणूनच. डाउन सिंड्रोम असलेली मुलं, कारण त्यांचे अस्थिबंध मुळातच ढिले. जन्मतः सुळका नीट न जुळलेले किंवा अ‍ॅटलस कवटीला चिकटलेले लोक. या जन्मजात दोषांचे पेशंट भारतात मोठ्या संख्येने दिसतात. क्षयही या सांध्यात बसतो, क्वचित, पण आपल्या देशात विसरून चालत नाही.

एक वेगळी गोष्ट लहान मुलांची. घसा किंवा टॉन्सिलच्या संसर्गानंतर मुलाची मान एका बाजूला कलून अडकते. ‘झोपेत अवघडली असेल’ म्हणून तेल चोळत बसतात. आठवडाभरात सुटली नाही तर, आणि ताप असेल तर त्याच दिवशी, डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅटलस फिरून अडकलेला असू शकतो. लवकर ओळखलं तर सहसा ऑपरेशनशिवाय सुटतो, महिनोनमहिने गेले की फार अवघड होतं.

सलूनमध्ये चंपीनंतर मान मोडून घ्यावी का?

नाही. ‘कट्’ असा आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. आवाज आला म्हणजे काहीतरी जागेवर बसलं, असं नाही. माझा आक्षेप आवाजाला नाही, झटक्याला आहे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या सी६ ते सी१च्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात आणि अ‍ॅटलसच्या माथ्यावर वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान जोरात वळवली की त्यांना पीळ बसतो तो नेमका सर्वांत जास्त फिरणाऱ्या सांध्यापाशी. धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. क्वचित घडतं, हे खरं. पण ज्याने तुमची मान कधी तपासली नाही त्याच्या हाती ही जोखीम कशाला द्यायची? चंपी खुशाल करा, ‘मान राहू दे’ एवढं आधी सांगा.

विहिरीत सूर मारणं, दहीहंडी, डोक्यावरचं ओझं… हे सगळं वाईटच का?

सारखं वाईट नाही. ताठ मानेने सरळ वजन घेणं मानेला जमतं. हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाया किंवा बाजार समितीतले माथाडी कामगार हे वर्षानुवर्षं करतात. झीज जास्त होते, पण मान कोसळत नाही. धोका ओझं घेऊन पाय घसरण्यात आहे.

सूर मारण्याचं गणित निराळं. मान किंचित पुढे झुकली की तिचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि मणके एका सरळ रेषेत येतात. त्या क्षणी डोकं तळाला आपटलं तर मागून येणारं सगळं अंग त्या रेषेवर आदळतं. बाक असता तर मान वाकून थोडा धक्का खाल्ला असता, इथे मणका फुटतो, बऱ्याचदा सी५. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी खाली गेलेल्या विहिरीत, ओळखीची म्हणून, गेल्या वर्षीसारखाच सूर मारलेली मुलं अशीच येतात. थरांवरून डोक्यावर पडलेला गोविंदा याच प्रकारात मोडतो.

मोबाइलमुळे मानेवर २७ किलो वजन येतं म्हणे?

तो आकडा २०१४च्या एका गणिती प्रतिमानातला आहे, मान ६० अंश वाकवली तर. खोटा नाही, पण डोकं काही जड होत नाही. डोकं पुढे गेलं की मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं आणि त्या ओढीचा दाब मणक्यांवर येतो. स्नायू थकतात, दुखतात. अस्थिबंध तुटत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाने मान हलवली तरी पुष्कळ झालं.

कॉलर किती दिवस लावायची?

मऊ पट्टा असेल तर तो मुख्यतः ‘जपून’ अशी आठवण करून देतो, हालचाल फारशी रोखत नाही. साध्या दुखण्यात थोडे दिवस पुरे. महिनोनमहिने लावला तर ज्या स्नायूंवर सगळं अवलंबून आहे तेच दुबळे होतात. हाड मोडलं असेल किंवा सांधा सरकला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कडक कॉलर सर्जन सांगतील तोवर, आंघोळीलासुद्धा स्वतःहून काढायची नाही.

सी१-सी२ स्क्रूने जोडतात ते ऑपरेशन काय असतं?

पूर्वी मागून तारेने बांधून हाडाचा तुकडा ठेवत, १९३९मधली गॅली यांची पद्धत. तार ओढून धरायची, पण फिरणं पुरतं थांबवायची नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भरीव भागात स्वतंत्र स्क्रू घालून ते पट्टीने जोडायची पद्धत विकसित केली, १९९४ साली ती प्रसिद्ध झाली. पुढे २००१मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरून तिचं वेगळं रूप मांडलं. आज जगभर ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते. परळच्या महापालिकेच्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमधून निघालेली गोष्ट, आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

किंमत एकच: मानेची जवळजवळ निम्मी वळण जाते. खालचे सांधे थोडी भरून काढतात, पण स्कूटरवर मागे बघायला आरसा लागतो.

कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही?

शर्टाची बटणं लावता येईनाशी होणं, अक्षर बिघडणं, चपला पायातून निसटणं, चालताना तोल जाणं. मान वाकवली की पाठीतून पायांपर्यंत विजेसारखी चमक जाणं. लघवीवरचा ताबा सुटणं. या यादीत दुखणं नाही, हे लक्षात घ्या.

अपघात झालेल्या माणसाची मान दुखत असेल तर आपण काय करायचं?

त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजायला डोकं उचलू नका, ‘हलवून बघ’ म्हणू नका. १०८ला फोन करा. डोक्यामागे गुडघ्यांवर बसा, दोन्ही तळहात कानांच्या बाजूंनी ठेवून डोकं आहे त्याच स्थितीत धरा, ओढू नका. श्वास अडकत असेल किंवा जागेवर आगीचा किंवा वाहनांचा धोका असेल तरच हलवा, आणि तेव्हाही डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून चार माणसांनी मिळून. हेल्मेट असेल आणि श्वास नीट चालू असेल, तर ते काढण्याची घाई करू नका. रुग्णवाहिकेतले लोक काढतील.